तुम्ही दाखवता तो रिकामा किनारा

समुद्रकिनाऱ्यावरच्या भटकंतीची वर्णनं लिहिणाऱ्या आणि तिचे व्हिडिओ करणाऱ्या मराठी मंडळींस,



हे पत्र रायपूरच्या सदर बाजारातून लिहिलं जात आहे. इथून समुद्र कोणत्याच दिशेला जवळ नाही. पूर्वेला ओडिशाचा किनारा गाठायचा तर पाचशे-साडेपाचशे किलोमीटर, पश्चिमेला कोकण गाठायचं तर नागपूर ओलांडून हजाराच्या वर. त्यामुळे इथल्या मराठी माणसाला समुद्र पहिल्यांदा भेटतो तो तुमच्यामार्फत. मोबाइलवर, दिवाळी अंकात, रविवारच्या पुरवणीत. तुम्ही सांगाल ते तो खरं धरून चालतो आणि सुट्टी, पैसा, गाडी सगळं त्या भरवशावर पणाला लावतो. तक्रार आहे ती याच भरवशाबद्दल. तुम्ही भटकता याबद्दल कुणाचं काही म्हणणं नाही; उलट हेवाच वाटतो. तुम्ही ते सांगता कसं, यावर राग आहे.

तुमचा साचा आता पाठ झाला आहे. गाडीत नवरा-बायको, टपावर तंबू. वरून ड्रोन. खाली लांबच लांब वाळू आणि तिच्यावर चाकांच्या दोन रेघा. मग शेकोटी, मग मॅगी, मग पहाटेच्या उजेडात ठरलेलं वाक्य: "बघा मंडळी, अख्ख्या किनाऱ्यावर आपण दोघंच!" मध्येच एखादा डॉल्फिन, एखादं कासव, त्यांच्यावर धून. गावाचं नाव सांगायचं नाही, भरती-ओहोटी सांगायची नाही, रात्री कुणी हटकलं ते सांगायचं नाही. नकाशावरची खूण मात्र खाली अचूक दिलेली.

असा एक व्हिडिओ बघून सदर बाजारातलं एक जोडपं निघालं, त्याची हकीकत आधी ऐका.

सदर बाजार ही रायपूरची सराफ पेठ. देशभरातल्या सराफ पेठांत सोनं-चांदी गाळायचं काम करणारी माणसं सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागातून गेलेली आहेत, हे तुमच्यापैकी विट्याकडच्यांना सांगायला नको. हे जोडपं त्यातलंच. नवरा पन्नाशीचा, दिवसभर भट्टी, मूस आणि तेजाबाचा वास. बायको हिशेबाची वही सांभाळते आणि तेजाबाच्या बाटल्या कुणी कुठं ठेवल्या यावर तिचीच नजर. दोघांचा जन्म दुष्काळी तालुक्यातला, संसार छत्तीसगडात. समुद्र बघितला तो मुंबईला एका लग्नाला गेले तेव्हा, तोही गर्दीच्या डोक्यांवरून. मुलं शिकायला बाहेरगावी गेली, तेव्हा त्यांनी एक तंबू घेतला, दोन चटया, छोटी गॅसची शेगडी, आणि साध्याच गाडीत ते सगळं कोंबून ओडिशाला निघाले. महासमुंद, खरियार, बालिगुडा, आस्का असा रस्ता. घाटात साल-मोहाचं जंगल, दुपारी धाब्यावर डालमा-भात. साल होतं २०२५, महिना फेब्रुवारी. ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी कासवं येतात हे त्यांना तुमच्यातल्याच एकाकडून कळलं होतं. त्याबद्दल तुमचे आभार आधीच मानायला हवेत.

पण तुम्ही सांगितलं होतं की सुरूच्या बनातून गाडी थेट वाळूवर न्या, समुद्राकडे तोंड करून तंबू लावा, कुणी विचारत नाही.

संध्याकाळ कलताना ते पोचले. बनाच्या तोंडाशी एक पोरगा उभा होता, पंधरा-सोळा वर्षांचा, हातातल्या बॅटरीच्या काचेला लाल कागद चिकटवलेला. त्यानं गाडीच्या बॉनेटवर सरळ तळवा ठेवला आणि एकच शब्द म्हटला, "लाइट". दिवे विझवल्यावर दिसलं की बनात आणखी माणसं आहेत. वन खात्याचे रखवालदार, गावातली स्वयंसेवक पोरं, मोजणी करणारे संशोधक, जाळी बांधणारे मजूर. नवरा गोंधळला. बायको म्हणाली, "आवं, आपुन दोघंच असतो म्हणत हुता की त्यो. हितं तर जत्रा हाय."

तुमच्या व्हिडिओतली ही पहिली खोट. हंगामात ज्या किनाऱ्यावर रात्री कुणीच नाही असं तुम्ही दाखवता, तिथं रात्री गस्त असते. ती तुमच्या चौकटीत येत नाही, कारण तुम्ही ती येऊ देत नाही.

त्या रात्री त्यांना वाळूवर तंबू लावू दिला नाही, आणि ते बरोबरच होतं. गंजाम जिल्ह्याच्या या पट्ट्यातले नोलिया मच्छीमार घरात तेलुगू बोलतात, बाजारात ओडिया. या दोघांची हिंदी छत्तीसगडी वळणाची आणि मराठी खानापूरची. तरी एका घरानं अंगण दिलं. तंबू तिथं लागला, सुकत घातलेल्या जाळ्यांच्या शेजारी. रात्री उशिरा रखवालदारानं काही जणांना दोरीच्या अलीकडे उभं राहू दिलं, त्यात हे दोघं होते.

त्यांनी काय पाहिलं ते सविस्तर सांगणं भाग आहे, कारण तुम्ही ते दहा सेकंदांत उरकता. मादी लाटेतून वर येते तेव्हा आधी थांबते. मग पुढच्या वल्ह्यांनी अंग ओढत कोरड्या वाळूपर्यंत जाते, वजन चाळीस-पन्नास किलो. जागा पसंत पडली की मागच्या दोन वल्ह्यांनी आळीपाळीनं खड्डा करते, दीडेक फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि खाली फुगीर. हे काम तिला दिसत नसतं, तिच्या पाठीमागं चाललेलं असतं. अंडी दोन-दोन, तीन-तीन पडतात, पिंगपाँगच्या चेंडूएवढी, शंभर-सव्वाशे. डोळ्यांतून पाणी वाहतं. अंगातलं जादा मीठ ती तसं बाहेर टाकते, त्यात दुःख वगैरे काही नाही. मग वाळू लोटून खड्डा बुजवते आणि सगळं अंग डावी-उजवीकडे आपटत ती वाळू चोपते. ती थप थप थप अंधारात सगळीकडून ऐकू येत होती. एकीनं घातलेली अंडी दुसरी उकरत होती, कारण जागा कमी आणि माद्या अफाट. त्या फेब्रुवारीत ऋषिकुल्येच्या मुखाजवळच्या काही किलोमीटरांत जवळपास सात लाख माद्यांची नोंद झाली. तिथला हा तोवरचा उच्चांक.

ही जागा शास्त्रज्ञांना माहीत झाली ती १९९४ साली, भारतीय वन्यजीव संस्थेच्या बिवाश पांडव यांच्यामुळे. ओडिशातली दुसरी मोठी जागा गहिरमाथा, ती त्याआधी वीस वर्षं, १९७४ मध्ये नोंदली गेली. आणि हेही सांगा की एखाद्या वर्षी माद्या सामूहिकरीत्या येतच नाहीत. किनारा खचलेला असतो, वारा फिरलेला असतो, कधी नेमकं कारण हाती लागत नाही. "फेब्रुवारीत जा, लाखो कासवं बघा" असं हमीपत्र दिल्यासारखं बोललं की माणसं शेकडो किलोमीटर जाऊन चिडतात आणि मग रखवालदाराशी हुज्जत घालतात, "आमचे पैसे गेले, निदान एक तरी दाखवा."

आता गाडीकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिनं होतं.

पिल्लं पंचेचाळीस ते साठ दिवसांनी अंड्यातून निघतात, बहुधा रात्री किंवा पहाटे, वाळू थंड असताना. बाहेर आल्यावर ती सगळ्यात उजळ क्षितिजाकडे चालू लागतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर ते क्षितिज समुद्राचं असतं. तुमच्या गाडीचे दिवे, तंबूतला एलईडी, शेकोटी यांपैकी काहीही त्याहून उजळ. पिल्लू उलट्या दिशेनं बनात जातं आणि सकाळी कावळ्यांच्या तावडीत सापडतं. त्यात चाकोरी. तळहातात मावणाऱ्या पिल्लाला टायरनं पाडलेला चर चढता येत नाही. ते त्यातच चालत राहतं, समुद्राला समांतर. तुमच्या ड्रोनमधून त्या दोन रेघा फार देखण्या दिसतात. चाकांच्या वजनाखाली दबलेल्या वाळूत अंडी असतील तर ती वर दिसतही नाहीत. वाळूतल्या खेकड्यांची बिळंही भरती-रेषेच्या आसपास, सरळ चाकाखाली.

ऑलिव्ह रिडले कासव वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या परिशिष्ट १ मध्ये आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. कासवं जिथं अंडी घालतात त्या जागा किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत सर्वांत कडक गटात, १-अ मध्ये, मोडतात. वाघाच्या गुहेपाशी शेकोटी पेटवून तुम्ही चित्रीकरण केलं असतं का? इथं करता, कारण कासव गुरगुरत नाही.

कोकणात तुमची गाडी वाळूत रुतते तो प्रसंग तर विनोद म्हणून दाखवला जातो. पाणी चढतंय, टायर फिरताहेत, गावातला ट्रॅक्टर येतोय, मागं हसण्याचा आवाज. ट्रॅक्टरवाल्याला किती दिले ते एकदा सांगा. आणि ज्या गावानं वाळूवर गाड्या आणू नका अशी पाटी लावली होती, ती पाटीही दाखवा.

भरती-ओहोटीबद्दल तुमचं मौन तर समजण्यापलीकडचं आहे. रायपूर, नागपूर, यवतमाळ, भोपाळ, इंदूर इथला मराठी वाचक तळ्याकाठी वाढलेला. पाणी जिथं आहे तिथंच राहतं हा त्याचा अनुभव. दुपारी पाय भिजवले ती जागा संध्याकाळी डोक्यावरून जाईल हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. त्यानंतर दहा ओळी भरतीवर लिहिणं हे प्रत्येक प्रवासलेखकाचं काम होतं.

ते अवघडही नाही. कोकणातला कोळी घड्याळ न बघता भरती सांगतो. तिथीची पाऊणपट करायची, तितके वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास. चतुर्थीला तीनच्या सुमारास. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाला पाणी वर फार चढतं आणि मागंही फार हटतं. म्हणजे सकाळी तुम्हाला जो मैदानासारखा किनारा मिळतो तो दुपारपर्यंत नाहीसा होतो, आणि नेमकं त्याच मैदानावर तुम्ही तंबू लावून दाखवता. कालनिर्णय घरोघरी टांगलेलं आहे, तिथी बघायला कुणाला जड जाईल? हा हिशेब मुंबई-कोकणच्या किनाऱ्याचा, हेही सोबत सांगायला हवं. ओडिशात भरतीची वेळ वेगळी असते, तिथं तिथला तक्ता बघावा किंवा तिथल्या मच्छीमाराला विचारावं. आमच्या जोडप्याला तंबूची जागा शेवटी त्या अंगणवाल्या म्हाताऱ्यानंच समजावली. काठीनं वाळूवर रेघ मारली, समुद्राकडे बोट दाखवलं, आणि रेघेच्या या बाजूला उताणा झोपून दाखवलं. भाषा लागली नाही.

आता चिलिका सरोवराबद्दल थोडक्यात. ऋषिकुल्येहून हे दोघं सरोवराच्या कडेकडेनं जान्हिकुड्याला गेले आणि तिथून गाडीसकट बोटीनं सातपाड्याला. चिलिकात इरावती डॉल्फिन आहेत, मोजणीत दीडशेच्या आसपास भरतात. त्यांना चोच नसते, तोंड गोल, आणि ते उड्या मारून दाखवत नाहीत. पाठ आणि इवलासा पर दिसतो, फुस्स असा आवाज येतो, संपलं. तुम्ही मात्र दुसऱ्याच कुठल्या तरी समुद्रातल्या उड्या मध्ये जोडता. त्या बघून आलेला प्रवासी नावाड्याला म्हणतो, "अजून जवळ घे, अजून." नावाडी बक्षिसीच्या आशेनं इंजिन चढवतो. चार बोटी मिळून एका पाठीचा पाठलाग करतात. त्या बोटीत बायकोनं नावाड्याला इंजिन बंद करायला सांगितलं, तेव्हा शेजारच्या बोटीतून शिट्ट्या आल्या. इंजिन बंद झाल्यावर थोड्या वेळानं एक मादी पिल्लासकट हाताच्या अंतरावर वर आली. मोबाइल काढेपर्यंत गेलीही.

आणि ते कुरवांना गाठी-शेव फेकणं बंद करा. मांडव्याच्या लाँचवर असो की चिलिकात. हिवाळ्यात येणारा तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटकडच्या सरोवरांकाठी वीण घालतो आणि इतक्या लांबून मासे खायला येतो. फरसाणाच्या पुडीवर झेपावणारे पक्षी संथ गतीत फार छान दिसतात, मान्य. पण पुढच्या रविवारी शंभर माणसं तीच पुडी घेऊन उभी राहतात.

कोकणाची बाजू या जोडप्याला पुढं एकदा गावी आल्यावर बघायला मिळाली. गुहागर–विजापूर महामार्ग विट्यावरूनच जातो. उभा जन्म त्या रस्त्यावरून कराडला जाणं झालं, पण त्याचं दुसरं टोक समुद्रात उतरतं याकडे घरात कुणी लक्ष दिलं नव्हतं. पाटण, कोयना, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर.

गुहागरची एक गोष्ट तुमच्यापैकी फार थोड्यांनी सांगितली. २७ जानेवारी २०२५ रोजी रात्री तिथं एक मादी अंडी घालायला आली. तिच्या वल्ह्यावर धातूची पट्टी होती, क्रमांक ०३२३३. ती पट्टी तिला मार्च २०२१ मध्ये गहिरमाथ्याला लावलेली होती. म्हणजे बंगालच्या उपसागरातून साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास प्रवास करून तीच मादी कोकणात अंडी घालत होती. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असं धरून चालणाऱ्यांना यानं विचारात पाडलं. त्याआधी २०२२ मध्ये कोकणातल्या पाच माद्यांना उपग्रह टॅग लावले होते. वेळासच्या मादीचं नाव प्रथमा, आंजर्ल्याच्या मादीचं सावनी. पुढच्या वर्षी गुहागरहून सोडलेली बागेश्री दक्षिणेला वळून श्रीलंकेपर्यंत गेली. रायपूरचा माणूस दोन किनाऱ्यांच्या मधे कुठंतरी बसलेला. त्याला ही गोष्ट ऐकून जेवढा आनंद झाला तेवढा तुमच्या ड्रोननं कधी झाला नाही. एवढं खणखणीत नाट्य हाताशी असताना तुम्ही मॅगी का दाखवता, हे कोडं आहे.

गुहागरला उबवणी केंद्र म्हणजे जाळीचं एक कुंपण, आत वाळूत ओळीनं घरटी, प्रत्येक घरट्याशी पाटी: तारीख, अंड्यांची संख्या. कोल्हे-कुत्रे आणि अंडीचोर यांच्यापासून वाचवायला कासवमित्र रात्री फिरून अंडी आणतात आणि तेवढ्याच खोलीच्या खड्ड्यात पुरतात. वर टोपली पालथी. पहाटे टोपली उचलली की कळतं. हे दोघं गेले त्या दिवशी एका टोपलीखाली सात पिल्लं होती. जमलेल्यांतल्या एकानं विचारलं, "फक्त सातच?" कासवमित्रानं उत्तर दिलं नाही, मोजून वहीत लिहिलं.

ही पद्धत कोकणात रुजवली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं. २००२ पासून वेळासला काम सुरू झालं, २००६ पासून कासव महोत्सव. नाना फडणविसांचं मूळ गाव एवढीच ज्याची ओळख होती, त्या गावात आता हंगामात घरोघरी पाहुणे राहतात, ओटीवर झोपतात, पंगतीला जेवतात. पूर्वी अंडी खाणाऱ्या-विकणाऱ्या गावांतलीच माणसं आता राखण करतात. तुमच्या वर्णनात मात्र "एका स्थानिकानं सांगितलं" एवढाच त्यांचा उल्लेख. त्यांना विचारून त्यांचं नाव द्या, घरगुती खाणावळीचं नाव द्या, जेवणाचा दर द्या. गावात राहा म्हणा. वाळूवर फुकट झोपणाऱ्या पाहुण्याकडून गावाला काय मिळतं? प्लॅस्टिकच्या बाटल्या.

मच्छीमारांना तुम्ही दोनच भूमिका देता. एक तर जाळं ओढणारा रापणकर, मावळतीच्या उजेडात, किंवा कासवांचा वैरी. दोन्ही अपुरे. महाराष्ट्रात २०१८ पासून एक योजना आहे: जाळ्यात अडकलेलं कासव, डॉल्फिन किंवा बहिरी मासा (व्हेल शार्क) जाळं कापून सोडला तर कांदळवन प्रतिष्ठानकडून जाळ्याची भरपाई मिळते, २५ हजार रुपयांपर्यंत. किती कोळ्यांनी कासवापायी चांगलं जाळं कापलं, ते हर्णै-मालवणच्या बंदरावर एक सकाळ बसून विचारा. ओडिशात १ नोव्हेंबर ते ३१ मे या सात महिन्यांत धामरा, देवी आणि ऋषिकुल्या नद्यांच्या मुखांपासून वीस किलोमीटरपर्यंत मासेमारीला बंदी असते. सात महिने. ट्रॉलरवाला लांब जातो, लहान होडीवाला घरी बसतो. ज्या अंगणात तंबू लागला होता तिथं सुकत पडलेली जाळी याच कारणानं सुकत होती.

मेलेली कासवंही तुम्ही कापून टाकता. जोडप्याला ऋषिकुल्येच्या वाटेवर तशी दिसली, फुगलेली, डोळे गेलेले. काही ट्रॉलरच्या जाळ्यात गुदमरून मेलेली असावीत असं रखवालदार म्हणाला. कासव फुप्फुसानं श्वास घेतं, पाण्याखाली जाळ्यात फार वेळ अडकलं की मरतं. २०२५ च्या जानेवारीत तमिळनाडूच्या किनाऱ्यावर शेकड्यांनी मेलेली रिडले लागली होती. हे दाखवलं तर बघणारे कमी होतील, ही भीती समजते. तरी दाखवा.

बायकोची एक वेगळी तक्रार आहे आणि ती तिच्याच आग्रहानं इथं लिहिली जात आहे. इतक्या व्हिडिओंत बायका दिसतात, चहा करतात, केस वाऱ्यावर सोडतात. पण संडासाला कुठं गेल्या हे एकीनंही सांगितलेलं नाही. वाळूवर तंबू टाकणाऱ्या बाईचा पहिला प्रश्न तोच असतो. पाळी आली तर कापड-पॅड कुठं टाकायचं? रात्री तंबूच्या बाहेर पावलं वाजली तर काय करायचं? वाटेत एका लॉजवर त्यांना लग्नाचा दाखला मागितला गेला. पन्नाशीच्या जोडप्याला! नवरा चिडला, बायकोनं गळ्यातलं दाखवून विषय संपवला आणि खोलीत जाऊन दहा मिनिटं हसत बसली. लग्न न झालेल्या किंवा दोघी मैत्रिणी म्हणून निघालेल्यांना हसता येत नसणार. कुठं नीट वागवतात, कुठं दार लावून घेतात, हे लिहिलंत तर निसर्गवर्णनाच्या चार परिच्छेदांपेक्षा ते जास्त उपयोगी पडेल. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण केलं. गाड्या उभ्या करायच्या जागा, पाणी, स्वच्छतागृहं यांची भाषा त्यात आहे. प्रत्यक्षात किनाऱ्यावर त्यातलं काय उभं राहिलं, याची पाहणी तुमच्याशिवाय कोण करणार? सतत फिरणारे तुम्हीच.

थोडं आपल्या दाराशीही बघायला हवं. रायपूरची खारून शिवनाथला मिळते, शिवनाथ महानदीला, आणि महानदी पारादीपजवळ समुद्राला. गहिरमाथा तिथून वर, त्याच किनाऱ्यावर. सदर बाजारातल्या नाल्यात टाकलेली पिशवी हिराकूडच्या धरणात अडकते की पुढं जाते हे कुणी बघितलेलं नाही, पण पाण्याचा उतार त्याच दिशेचा आहे. तेजाबाच्या बाटल्यांवर नजर ठेवणारी बाई परतल्यावर नाल्याकडेही लक्ष ठेवू लागली आहे आणि शेजारच्या दुकानदारांना त्याचा जाच होतो, ही ताजी बातमी.

तर मागण्या अशा आहेत. वाळूवरच्या चाकांचं एकही दृश्य यापुढं दाखवू नका. चुकून गेलीच असेल गाडी, तर ते दृश्य वापरू नका. घरट्याच्या जागेची नकाशावरची खूण देऊ नका, गावाचं नाव द्या. तारीख सांगितली की तिथी सांगा, तिथीबरोबर भरतीची वेळ. कासव, डॉल्फिन दाखवताना किती वेळ वाट बघितली आणि किती वेळा काहीच दिसलं नाही, तेही सांगा. किनाऱ्यावर अडकलेला किंवा जखमी प्राणी दिसला तर महाराष्ट्रात वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं असतं, समुद्रात माणूस संकटात असेल तर तटरक्षक दलाचा १५५४; हे दोन आकडे पडद्यावर चार सेकंद ठेवले तर काही बिघडत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू किनाऱ्याला लागलं तेव्हा वन कर्मचारी, तज्ज्ञ आणि गावकरी दिवस-रात्र झटले, ओल्या कापडांनी त्याचं अंग भिजवत राहिले. ते वाचलं नाही. त्या वेळी भोवती मोबाइल घेऊन उभ्या असलेल्या गर्दीला मागं हटवण्यातच बरीच शक्ती गेली. ती गर्दी तुमचीच प्रेक्षक होती. तिला तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल, वन खात्याच्या पाटीपेक्षा लवकर ऐकेल.

हे जोडपं येत्या हंगामात पुन्हा निघणार आहे. या खेपेला गहिरमाथ्याच्या बाजूला जमतंय का बघणार, नाहीतर वेळासला एखाद्या घरी उतरणार. तंबू नेणार, पण अंगणात लावणार. जायच्या आधी नेहमीप्रमाणे तुमचे व्हिडिओ बघतील आणि तुमचे लेख कापून डिकीत ठेवतील. तोवर निदान एका लेखात भरतीची वेळ छापून आलेली असावी, ही विनंती.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
सदर बाजारातला एक वाचक
रायपूर, छत्तीसगड